ज्वारीच्या ताटाची गाडी

परवा लोणंदच्या बाजारात कडब्यानं भरलेली ट्रॉली अगदी शेजारून गेली. त्या कोरड्या, गोडसर वासानं मला एकाहत्तरच्या लढाईनंतरच्या फाल्गुनात, गावच्या आमच्या सोप्यावर नेऊन बसवलं.

लढाई संपली होती, पण लढाईवर गेलेल्या आमच्या वडिलांची, आबांची खबर नव्हती. शेजारच्या शांताकाकूंचा नवराही त्यांच्याच पलटणीत. आई मला आणि धाकट्या भावाला ज्वारीच्या ताटाची बैलगाडी करून देत होती. ताट सोलायचं, आतल्या मऊ गाभ्याची चाकं कापायची आणि सगळं बाभळीच्या काट्यांनी जोडायचं.

तेवढ्यात गल्लीच्या तोंडाला एक अनोळखी जवान दिसला. खांद्यावर काळी ट्रंक. लढाईत गेलेल्याची ट्रंक त्याचा सोबती घरी पोचवतो, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. भावाला तेवढं नव्हतं.

"आये, आबा आलं!"

"गप. चाक धर नीट," आई म्हणाली आणि मान खाली घालून काटा दाबत राहिली.

बूट आमच्याच दारात थांबले.

"वैनी, शांताबाईंचं घर कुठलं हो?"

आईनं शेजारी बोट दाखवलं. गाडी आमच्या हातात देऊन ती त्याच्या मागोमाग गेली.

आबा उन्हाळ्यात सुखरूप आले. पण काटा त्या दिवशी आईच्या अंगठ्यात किती खोल गेला होता, ते मला फार उशिरा उमजलं. तेव्हा चाकावरचा लाल ठिपका बघून आम्ही हरखलो होतो. खऱ्या गाडीला लावतात तसं आईनं कुंकू लावलंय, असं वाटलं. शेजारून काकूंचा हंबरडा ऐकू येईपर्यंत आम्ही ती गाडी अंगणभर पळवत होतो.