भाऊजींनी बसवलेला पहारा

माझे भाऊजी, म्हणजे थोरल्या बहिणीचे यजमान, एका मोठ्या रक्ततपासणीच्या लॅबमध्ये डेटाबेस सांभाळतात. रक्ताशी त्यांचा संबंध नाही; रक्त दिसलं की त्यांना आधी खुर्ची शोधावी लागते. ते नेमकं काय करतात, हे बहिणीला अजून सांगता येत नाही. "कॉम्प्युटरमध्ये असतात," एवढंच ती सांगते, आणि ऐकणारा, हा गृहस्थ आतच राहतो की काय, अशा चेहऱ्याने मान डोलावतो.

मोजणं हा भाऊजींचा स्वभाव. घरात नवी गादी आली तेव्हा झोपून बघण्याआधी त्यांनी तिला टेप लावली होती.

तर या लॅबमध्ये सकाळच्या वेळी डेटाबेसचं मशीन रेंगाळायला लागलं. सकाळी येणारी माणसं उपाशीपोटी आलेली असतात. काउंटरवरच्या बाई पेशंटचं नाव टाकायच्या आणि पडद्यावर एक गोल फिरत राहायचा. रिकाम्या पोटाच्या माणसाला फिरणारी वस्तू दाखवू नये, असं बाईंचं स्पष्ट मत होतं, कारण पुढची बोलणी त्यांनाच खावी लागायची.

संचालकांनी भाऊजींना बोलावून सांगितलं की महिनाअखेरपर्यंत हे सुधारलं नाही, तर डेटाबेस बाहेरच्या कंपनीकडे जाईल. कंपनी आपली माणसं घेऊन येणार होती, म्हणजे भाऊजींची खुर्ची कुठे जाणार हे सांगायची गरज नव्हती. लेकीचं कॉलेज अजून संपायचं होतं.

भाऊजींनी डेटाबेसवर पहारा बसवला. कोणती क्वेरी, म्हणजे डेटाबेसला विचारलेला कोणता प्रश्न, किती वेळ खाते, कोण कोणासाठी खोळंबलंय, मेमरी किती उरलीय, सगळं दर सेकंदाला टिपून त्याच डेटाबेसमध्ये साठवायचं. साठवलेल्याचा आलेख त्यांच्या टेबलावरच्या कॉम्प्युटरवरून हवा तिथे दिसायचा. पहिल्याच आठवड्यात चोर सापडला. फोन नंबरवरून पेशंट शोधताना मशीन सगळ्या नोंदी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचत बसत होतं. भाऊजींनी फोन नंबरांचा इंडेक्स, म्हणजे पुस्तकामागे असते तशी सूची, बनवला आणि आलेखाची रेघ धाडकन खाली आली. ती कशी आली, हे त्यांनी जेवताना बहिणीला टेबलावर बोटाने काढून दाखवलं. तिने बोट पुसायला फडकं दिलं.

संचालक इतके खूश झाले की त्यांनी कॉरिडॉरमध्ये मोठा टीव्ही लावून आलेख त्यावर आणला. मग प्रत्येक विभागप्रमुखाला तो आपल्या टेबलावर हवा झाला. हिशेब विभागानेही घेतला. त्यांना त्यातलं काही कळत नव्हतं, पण रंग आवडले.

आणि मशीन पुन्हा रेंगाळायला लागलं. रेंगाळलं की सगळे आलेख उघडून बघायचे, बघितलं की ते आणखी रेंगाळायचं. भाऊजी तर डोळ्यांत तेल घालून महिन्याभराचा आलेख पुन्हा पुन्हा मागवत होते. सर्वांत जड प्रश्नांच्या यादीत काहीच गैर दिसेना. महिना संपत आला. बाहेरच्या कंपनीचा प्रस्ताव संचालकांच्या टेबलावर येऊन पडला.

अशात एका सकाळी बाई म्हणाल्या, "साहेब, राग मानू नका. पण सोमवारी तुम्ही दाढ काढायला गेला होतात ना, त्या दिवशी मशीन नुसतं पळत होतं."

आजूबाजूचे हसले. भाऊजींना ते लागलं. घरी आल्यावर त्यांनी बहिणीला सांगितलं, तर ती म्हणाली, घरातही असंच आहे.

पण राग ओसरल्यावर मोजणारा माणूस जागा झाला. सोमवारी काय वेगळं होतं? त्यांचा कॉम्प्युटर बंद होता, म्हणजे टीव्ही काळा होता आणि आलेख कुठेच नव्हता. पहारा बसवतानाच त्यांनी नीटनेटकेपणाने एक अट घातली होती: पहाऱ्याचे स्वतःचे प्रश्न यादीत धरायचे नाहीत. पहारेकऱ्याला कशाला मोजायचं? दुसऱ्या दिवशी त्यांनी ती अट काढली. यादीत सर्वांत वर पहारेकरीच बसला होता; उघडलेला प्रत्येक आलेख दर सेकंदाला डेटाबेसलाच प्रश्न विचारत होता. खालोखालही त्याचेच भाऊबंद.

भाऊजींना हे गुपचूप दुरुस्त करता आलं असतं. पण संचालकांनी बैठकीत विचारलं, "मग सापडलं का, कोण अडवतंय ते?"

"बघणारे," भाऊजी म्हणाले. "सगळ्यांत जास्त बघणारा मी."

"आणि मी लावलेला टीव्ही?"

"तोही त्यातच आला, सर."

संचालकांनी कंपनीचा प्रस्ताव उघडला. पहिल्याच पानावर प्रत्येक टेबलावर आलेखाचा एक पडदा देण्याचं आश्वासन होतं. त्यांनी तो मिटला आणि भाऊजींना महिनाभराची मुदत वाढवून दिली.

ती पुरली. टिपणं आता वेगळ्या मशीनवर जातात, तीही मिनिटाला एकदा. टीव्हीवर पेशंटचे रांगेतले नंबर दिसतात. प्रस्ताव परत गेला, भाऊजी आपल्या जागी राहिले.

परवा ते दुसऱ्या दाढेसाठी रजेवर होते. दुपारी बाईंचा फोन आला.

"काही नाही साहेब. तुम्ही असताना चालतं तसंच चाललंय आज."

भाऊजींनी सुजलेल्या गालाने हे वाक्य बहिणीला ऐकवलं, मग मला फोन करून ऐकवलं. त्यांना ते कौतुक वाटतं.