जो अर्ज मी पुढे दिला नाही

परवापर्यंत हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही, स्टाफरूममध्ये रोज माझ्या डब्यातली भाजी खाणाऱ्या मैत्रिणीला तर नाहीच. आता सांगायचंच असं ठरवलंय. तुम्ही बसा जरा — मला नीट जमेल की नाही, माहीत नाही.

मी परळच्या एका कॉलेजात खेळांचं बघते. संघ निवडायचे, स्पर्धांचे प्रवेशअर्ज भरायचे, त्यावर सही करायची. मुली मॅडम म्हणतात. चार वर्षांपूर्वीची गोष्ट. तेव्हा मी कंत्राटावर होते, दर जूनला नवं पत्र मिळायचं. ही सबब नाही — पण हे सांगितलं नाही तर पुढचं कळणार नाही.

आमचा मुलींचा खो-खोचा संघ होता. बावीस मुली. सकाळी साडेसहाला लालबागहून, कॉटन ग्रीनहून, शीव कोळीवाड्याहून यायच्या, केस घट्ट बांधून, अर्धवट झोपेत. कर्णधार रेश्मा. तिचे वडील हिंदमाताला साड्यांच्या दुकानात कामाला. रेश्मा पळायला लागली की हाताला लागायची नाही. मागची मुलगी झेप घ्यायची आणि ही खांबाच्या पलीकडे हसत उभी. आदल्या वर्षी ती विद्यापीठाच्या संघात राखीव होती. विद्यापीठाची निवड कॉलेजांच्या स्पर्धेतूनच व्हायची; त्या वर्षी ती खेळणार, हे सगळ्यांनी धरलंच होतं. तिथलं प्रमाणपत्र मिळालं की पोलीस भरतीत खेळाडूंच्या जागांसाठी अर्ज करायचा — तिच्या घरी हे पक्कं ठरलेलं.

एक दिवस प्राचार्यांनी बोलावलं. "मॅडम, खर्च कमी करायचाय. क्रिकेट राहू दे. कुस्ती, मल्लखांब, मुलींचा खो-खो — बंद करू. तुम्ही अहवाल द्या, प्रतिसाद नाही म्हणून." मी उठले तेव्हा म्हणाले, "तुम्हाला कायम करायचंही बघतोय मी."

मी काय म्हणाले असेन? "हो सर." एवढंच. कुस्तीला खरंच दोघं उरले होते, मल्लखांबाला तीन. पण खो-खो? त्याच सकाळी मी बावीसपैकी एकवीस जणींची हजेरी लावली होती. तरी लिहिलं — मुलींना रस नाही. सही केली. आठवड्याने फलकावर सूचना लागली : विद्यार्थिनींच्या अल्प प्रतिसादामुळे संघ बंद.

तुम्हाला वाटेल, हाच गुन्हा. थांबा. इथवर मी फक्त घाबरट होते.

रेश्मा गप्प बसली नाही. वर्गावर्गातून फिरली, रेघांच्या कागदांवर सह्या गोळा केल्या. लालबागच्या एका जुन्या प्रशिक्षकांना गाठलं. ते फुकट शिकवायला तयार झाले. बूट आमचे, जायचा-यायचा खर्च आमचा, कॉलेजनं फक्त नाव द्यावं आणि मॅडमनी प्रवेशअर्जावर सही करावी — एवढंच मागितलं होतं पोरींनी. म्हणजे पैशाचं कारणच उरलं नव्हतं. प्राचार्य कदाचित हो म्हणालेही असते. माणूस वाईट नव्हता.

तो सह्यांचा अर्ज तिनं माझ्या हातात दिला. "मॅडम, तुम्ही द्या. तुमचं ऐकतील."

मी दिला नाही.

का? कारण इतक्या सह्या टेबलावर पडल्या असत्या तर माझा अहवाल खोटा आहे, हे कुणालाही दिसलं असतं. मी ते कागद जुन्या उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यात घातले आणि गठ्ठा रद्दीत गेला. प्रवेशअर्जाची मुदत संपेपर्यंत थांबले. मग जिन्यात रेश्माला गाठलं आणि म्हणाले, "सरांनी वाचला गं. खूप भांडले मी. ऐकतच नाहीत."

भांडले! हा शब्द कुठून आला माझ्या तोंडात?

ती पोरगी मलाच समजवायला लागली. "असू दे मॅडम. तुम्ही तरी होतात ना आमच्या बाजूने." वर्षाच्या शेवटी त्या पोरींनी मला शाल दिली. मी ती खांद्यावर घेतली, फोटो काढला. जूनमध्ये कायम झाले.

रेश्मा पोलीस भरतीला उतरली होती, खेळाडूंच्या जागेवर नाही, नेहमीच्या रांगेतून. नाही झालं. हे मला ऐकून माहीत होतं. मी चौकशी केली नाही. मग या वर्षी भाचीच्या लग्नाची साडी घ्यायला हिंदमाताला गेले, तर गादीवर बसून साड्या उलगडत होती ती. वडिलांचे गुडघे गेले म्हणून त्यांच्या जागी लागली होती. मला बघून उठलीच. मालकाला म्हणाली, "शेठ, ह्या आमच्या मॅडम. आमच्या टीमसाठी भांडल्या होत्या. भाव नीट लावा." आणि मालकानं लावला. मी साडी घेतली — कमी भावात घेतली — आणि घरी आले. तेव्हाही बोलले नाही. ही दुसरी वेळ, आणि तेव्हा तर नोकरीचीही भीती नव्हती.

महिनाभर ती साडी कपाटात होती. परवा दुपारी तिच्या जेवणाच्या सुट्टीत गेले. दुकानामागच्या गल्लीत उभं राहून सगळं सांगितलं. अहवाल, रद्दी, जिन्यातलं खोटं. ती टिफिन हातात धरून ऐकत होती.

"दिला असतात तर झालं असतं?"

"झालं असतं बहुतेक."

तिनं टिफिनचं झाकण घट्ट लावलं. मग म्हणाली, "बाकीच्यांना मी सांगू, की तुम्ही सांगणार?"

"मी सांगते."

"एकेकीला. ग्रुपवर टाकू नका." आणि आत निघून गेली. माफ केलं, असं ती म्हणाली नाही. मी विचारलंही नाही.

काल प्राचार्यांना पत्र दिलं : तो अहवाल खोटा होता, तो मी लिहिला, आणि यंदा मुलींच्या कबड्डीबद्दल मागितलेला तसलाच अहवाल मी देणार नाही. मैदानावर किती जणी येतात ते येऊन मोजा. त्यांनी ठेवून घेतलंय. काय होईल ते होईल.

आणि फोन चालू आहेत. एकीनं मध्येच कट केला. एक म्हणाली, "जाऊ दे हो मॅडम, कोण खेळतंय आता." एक नुसती रडली.

आज नववा फोन निकिताला. त्या वर्षी आई आजारी होती म्हणून ती महिनाभर सरावाला आली नव्हती. मी बोलून संपवलं. मग म्हणाली, "फलकावर अल्प प्रतिसाद लिहिलं होतं ना — मला वाटलं माझ्यामुळे. मी येत नव्हते म्हणून संघ गेला. चार वर्षं मी रेश्माशी बोललेली नाही, तोंड कसं दाखवू म्हणून."

हे मला ठाऊक नव्हतं. मी तिला सांगितलं, तुझ्यामुळे नाही, माझ्यामुळे. तिनं परत विचारलं. मी परत सांगितलं.

अजून बारा जणी आहेत.