मिरचीचा तारांकित प्रश्न

थंडी पडली की नागपुरात सरकार येतं. रस्त्यांवरचे खड्डे बुजतात, दुभाजकांना रंग लागतो आणि मी घरी सगळ्यांवर खेकसायला लागते. मी एका आमदारांची स्वीय सहायक आहे; सगळे त्यांना भाऊ म्हणतात. रामदासपेठेत आमचं ऑफिस आहे आणि गृहखात्याला विचारायचे प्रश्न लिहिणं हे माझं मुख्य काम. चोऱ्या, चौक्या, बंद पडलेले कॅमेरे, सगळ्यांवर मी प्रश्न लिहिलेत. नवरा म्हणतो, तू भाजीवाल्यालाही "वांगी ताजी आहेत, हे खरे आहे काय" असंच विचारतेस. विचारते. त्याला काय त्रास आहे?

गेल्या अधिवेशनाच्या दीडेक महिना आधी भिवापूरची एक मावशी आमच्या ऑफिसात आली. पायातल्या चपला बाहेर काढून, कुणी बसा म्हणायच्या आतच खुर्ची ओढून बसली. मला ती तिथेच आवडली.

"बाई, माह्यं बियाण्याचं पोतं पोलिसाइनं अडकवून ठेवलं. तुमच्या भाऊले सांगा, मले ते पाह्यजे."

हकीगत अशी. आदल्या हिवाळ्यात ती शेतमालाच्या प्रदर्शनाला नागपुरात आली होती. सोबत तिच्या शेतातल्या निवडक वाळल्या मिरच्यांचं एक पोतं होतं. जुनं गावरान वाण, सासूच्या काळापासून दरवर्षी त्यातूनच बी धरलेलं. ते पोतं मुक्कामावरून चोरीला गेलं. चोर लगेच सापडला, पोतंही सापडलं, आणि पुरावा म्हणून पोलीस ठाण्याच्या मुद्देमालाच्या खोलीत जाऊन पडलं. चोराच्या तावडीतून सुटलं आणि सरकारच्या तावडीत सापडलं. तिनं कोर्टात अर्ज केला होता. कोर्टानं पोलिसांचं म्हणणं मागवलं होतं. ते म्हणणं काही केल्या येत नव्हतं.

"या वर्षी दुसऱ्याचं बी लावलं," ती म्हणाली. "माह्यं ठेवलेलं बी एक पावसाळा टिकते. दुसऱ्या पावसाळ्याचा भरोसा नाही. तिथं ओल आहे, पोत्याले बुरशी चढून राहिली. वाण गेलं तं गेलं, बाजारात नाही भेटत ते."

मी त्याच दिवशी प्रश्न लिहिला. मुद्देमालातला शेतमाल मालकांना परत मिळालेला नाही, हे खरे आहे काय. असल्यास, विलंबाची कारणे काय आहेत? साधा, सरळ, कुठूनही निसटता न येणारा. आणि भाऊंपुढे ठेवला.

आमच्या भाऊंना सगळ्यात तिखट लागतं. पोह्यांवर तर्री, भजीबरोबर मिरची, प्रश्नातही मसाला.

"मॅडम, काहून एवढं फिकं लिहून राहिल्या? परत मिळाला नाही म्हणे! 'सडत आहे' लिहा. पेपरवाले उचलतील."

"भाऊ, सगळं 'सडत आहे'वर टांगू नका. ते 'नाही' म्हणाले की पुढचा प्रश्न आपोआप मेला."

कारण सरकारी उत्तराची एक ठरलेली रीत आहे. पहिल्या भागाला "हे खरे नाही" असं उत्तर दिलं, की "असल्यास" म्हणून जोडलेल्या सगळ्या भागांना एकच उत्तर पुरतं: प्रश्न उद्भवत नाही. म्हणून पहिला भाग लोखंडासारखा हवा. हे मी त्यांना पहिल्या वर्षापासून घोकून सांगत आलेय. पण आमदार ते, मी नोकर. "शेतमाल सडत आहे, हे खरे आहे काय" असाच प्रश्न गेला. मी आठवडाभर त्यांच्याशी कामापुरतं बोलले.

डिसेंबरात उत्तर छापून आलं. हे खरे नाही. प्रश्न उद्भवत नाही.

मला इतका राग आला की मी हातातला चहा तसाच खाली ठेवला. मावशीला फोन करून काय सांगणार होते? तुमचं वाण एका शब्दासाठी गेलं?

सकाळी प्रश्नोत्तराचा तास मी ऑफिसातल्या टीव्हीवर पाहत बसले. आमचा प्रश्न पुकारला गेला. मंत्र्यांनी छापलेलं उत्तर वाचलं, वर सांगितलं की शेतमाल कोरडा आहे, सुस्थितीत आहे, तसा पंचनामाही आहे. भाऊ उभे राहिले. मिशीवरून एकदा बोट फिरवलं. मग त्यांनी कागद खाली ठेवला आणि घरी बोलतात तसं बोलले.

"अध्यक्ष महोदय, सडला नाही म्हणतात. म्हणजे माल चांगला आहे. मग चांगला माल मालकिणीले काहून देऊन नाही राहिले?"

सभागृह हसलं. मंत्रीही हसले आणि म्हणाले, पोलिसांची हरकत नाही, तसं न्यायालयाला तातडीनं कळवलं जाईल. मी ऑफिसात एकटीच टाळ्या पिटत होते. बाहेरचा पानवाला डोकावून गेला.

पोलिसांचं म्हणणं या वेळी खरंच आलं. कोर्टाचा हुकूम झाला आणि मावशीबरोबर मी ठाण्यात गेले. पोतं एका महिला हवालदारानं आणून ठेवलं. नाकाला ओढणी बांधलेली, डोळे लाल.

"घेऊन जा वं माय एकदाचं," ती म्हणाली. "तुमच्या आमदाराचा प्रश्न आला, तवा पाहिलं तं अर्धं पोतं ओलं. साहेब म्हणे, 'सडत नाही' असं उत्तर द्याचं आहे, तं ते सडलं नाही पाह्यजे. पंच बोलावले, पोतं खोललं अन् रोज सकाळी गच्चीवर वाळू घातलं, संध्याकाळी भरलं. हाताची अशी आग, की लेकराले घास भरवता येत नव्हता. त्याचे बाबा भरवत होते."

माझा लोखंडी प्रश्न गेला असता, तर त्यांनी विलंबाची कारणे लिहून दिली असती. कारणं तर ढीगभर असतात. आणि पोतं खोलीतच कुजलं असतं. भाऊंच्या मसाल्यानं ते गच्चीवर नेलं होतं. हे त्यांना सांगायला माझ्या अगदी जिवावर आलं, पण सांगितलं. त्यानंतर ते कितीतरी दिवस आरशात बघितल्यासारखे माझ्याकडे बघून हसायचे.

ठाण्यात मावशी मात्र हसली नव्हती. तिनं एक मिरची फोडली, बी तळहातावर घेतलं, वास घेतला. "काही काळं पडलं," ती म्हणाली. "उगवल्याबिगर काही सांगता येत नाही." आणि पोतं ऑटोत घालून गेली. मला तेव्हा पहिल्यांदा खरी भीती वाटली. सभागृहातलं हसणं, माझ्या टाळ्या, सगळं एका बियाच्या आत अडकलं होतं.

जानेवारीत, संक्रांतीच्या सुमाराला, ती परत ऑफिसात आली. पिशवीतून स्टीलचा डबा काढला, डब्यातून ओलं फडकं. उलगडलं. बहुतेक बियांना दोऱ्याएवढे पांढरे मोड फुटले होते. माझे डोळे भरून आले आणि मी ते लपवलंही नाही. भाऊ आतून आले, वाकून बघायला लागले, आणि मावशीनं त्यांच्यासमोरून डबा उचलून झाकण लावलं.

"तुमी पाह्यलं ना? झालं मंग," ती म्हणाली. "आता जाऊ द्या मले. त्या पोलीसबाईले दाखवाचं आहे, तिची ड्युटी सुटते."