काशाच्या पाच ताटांपैकी एक

आमच्या घरात काशाची पाच ताटं होती आणि ती कुणी वापरत नव्हतं. सातपूरच्या कामगार वसाहतीत आमच्या दोन खोल्या. तिथे माळ्यावर, पत्र्याच्या पेटीत, जुन्या धोतरात गुंडाळून ती ठेवलेली असत. दिवाळीच्या साफसफाईत आई पेटी खाली काढायची, पाच मोजायची आणि परत वर ठेवायची. ताटं आजीची, म्हणजे वडिलांच्या आईची. मी सहा वर्षांची असताना ती गेली. जाण्याआधी तिने पेटीची किल्ली आईच्या हातात दिली आणि म्हणाली, "ताटं सांभाळ. बाहेरच्यांपुढे मांडू नकोस." घरात या वाक्याचा अर्थ एकच लावला गेला : वापरायची नाहीत.

नव्वदचं दशक संपत आलं होतं तेव्हा माझ्या मोठ्या भावाचं लग्न ठरलं. मी नाशकातल्या एका दैनिकात उपसंपादक म्हणून नुकतीच लागले होते. लग्नाआधी मुलाला घरच्यांनी गोडाचं जेवू घालायचं, ते केळवण आईने रविवारी धरलं आणि त्या दिवशी काशाच्या ताटांत वाढायचं असं सांगून टाकलं. माणसंही पाचच होती : आई, वडील, दादा, मी आणि विंचूरहून येणारी आत्या.

आत्या वडिलांपेक्षा बारा वर्षांनी मोठी. वडिलांच्या बाजूचं एवढंच माणूस उरलेलं. तिच्याशिवाय आमच्याकडे शुभकार्य सुरू होत नसे. फोनवर तिने आईचं सगळं ऐकून घेतलं.

"ती ताटं काढणार असशील तर मला बोलावू नकोस."

"वन्सं, एकदाच काढते. मुलाचं केळवण आहे."

"मला सांगायचं ते सांगितलं."

आईने फोन ठेवला. "सोळा-सतरा वर्षं किल्ली माझ्याकडे आहे," ती म्हणाली. "ताटं अजून त्यांचीच."

वडील सातपूरच्या एका कारखान्यात लेथवर काम करणारे टर्नर होते. त्यांनी वाद मिटवायचा प्रयत्न केला. "स्टीलच्या ताटात पुरणपोळी कडू लागते का?"

"तुम्हाला काय, वर्तमानपत्रावर वाढलं तरी जेवाल."

ताटं की नणंद, हे आईला रविवारपर्यंत ठरवायचं होतं. ठरलं नाही तरी ताटांना कल्हई करून ठेवावी, म्हणून शुक्रवारी आम्ही दोघी ती पिशवीत घालून जुन्या नाशकातल्या तांबटांच्या गल्लीत गेलो. दुकानातल्या म्हाताऱ्या तांबटाने पिशवीत डोकावून विचारलं, "कल्हई कशाला?"

"वापरायची आहेत, म्हणून."

"बाई, कल्हई पितळेला. काशाला नाही लागत. फक्त त्यात आंबट वाढू नका."

इतकी वर्षं ताटं सांभाळणाऱ्या आईला ती वापरतात कशी, हे माहीत नव्हतं. आम्हा कुणालाच नव्हतं.

तांबटाने एक ताट पाच बोटांच्या टोकांवर तोललं आणि बोटाने कडेवर टिचकी मारली. समोरच्या दुकानात हंडे ठोकत होते, रिक्षा हॉर्न देत होत्या. तरीही तो नाद वेगळा ऐकू येत राहिला. मी सवयीने घड्याळ पाहिलं. अठरा सेकंदांनी मला ऐकू येईनासा झाला. तांबटाचं डोकं मात्र अजून कललेलंच होतं. पाचही ताटं त्याने तशीच वाजवली. एकालाही तडा नव्हता.

"रोजच्या वापरातली ताटं आहेत," तो म्हणाला.

"छे, कधीच कुणी वापरली नाहीत," आई म्हणाली.

प्रत्येक ताटाच्या कडेवर ठिपक्या-ठिपक्यांनी माझ्या आजोबांचं नाव कोरलेलं होतं. त्याने नाव वरच्या बाजूला येईल असं ताट आईसमोर ठेवलं. "आता उजवीकडे बोट फिरवा."

आईने फिरवलं, मग मी. डोळ्यांना काही दिसत नव्हतं. बोटाला मात्र एक उथळ, गुळगुळीत जागा लागली, साधारण मुठीएवढी.

"भाकरी कुस्करायची जागा. जात्याचं पीठ, त्यात दगडाची कचकच, वरून राखेने घासणं. रोज एकाच जागी अंगठा दाबला की कासंसुद्धा झिजतं."

चार ताटांत ती जागा उजवीकडे होती. पाचव्यात उजवीकडचा भाग सपाट लागला. तांबटाने स्वतः बोट फिरवलं, थांबला आणि आईचा हात धरून डावीकडे नेला.

"घरात डावखुरं कोण होतं?"

आईने माझ्याकडे पाहिलं. आमच्या घरात डावखुरा एकच, दादा. तो लिहायचा, चेंडू टाकायचा डाव्या हाताने, पण जेवायचा उजव्याने. ते आत्याचं काम. दर मुक्कामाला ती त्याच्याशेजारी बसायची आणि डाव्या हातातला घास उजव्यात द्यायची. "लोक हसतील, डावऱ्या," एवढंच म्हणायची. पण या ताटांत दादा कधी जेवला नव्हता.

एका माणसाच्या सांगण्यावर बातमी करू नये, असं मला शिकवलं गेलं होतं. संध्याकाळी वडिलांपुढे ताटं ठेवली आणि काहीच सांगितलं नाही, फक्त झीज तपासायला सांगितलं. त्यांनी डब्याच्या पिशवीतून पोलादी पट्टी काढली, ताटाच्या तळावर उभी धरली आणि पट्टीखालून ट्यूबलाइटकडे पाहिलं. पट्टी जिथे टेकत नाही तिथून उजेड येतो. चार ताटांत तो उजवीकडून आला, पाचव्यात डावीकडून. त्यांनी पट्टी पुसून पुन्हा लावली. तीन वेळा.

वडील तीन वर्षांचे असताना त्यांचे वडील गेले होते. भिंतीवरचा एक फोटो, तोही छातीपर्यंतचा. बाकी जे माहीत होतं ते ऐकीव. माणूस जाऊन जवळपास पन्नास वर्षं झाली होती आणि त्याचा अंगठा कुठे पडायचा, ते पट्टीखालच्या रेघेत दिसत होतं. वडील बराच वेळ तसेच वाकून होते. मग त्यांनी विंचूरला फोन लावला.

"अक्का, बाबा डाव्या हाताने जेवायचे?"

"तुला कुणी सांगितलं?"

"ताटाने."

शनिवारी दुपारीच आत्या एस.टी.ने आली. तोवर आईचं ठरलेलं होतं. पाचही ताटं चिंच-मिठाने घासून ओट्यावर उभी होती. आत्या चप्पल काढता काढता थांबली, मग भिंतीला हात टेकून खाली बसली.

तिने सांगितलं ते थोडक्यात असं. आजोबांना डाव्या हाताशिवाय जेवता येत नसे. सासुरवाडीच्या एका पंगतीत लोक त्यांना हसले. त्यानंतर ते पंगतीत उजव्या हाताने जेमतेम चार घास खाऊन उठायचे. घरी आजी दार लावून घ्यायची, नाव वरच्या बाजूला ठेवून ताट मांडायची आणि मग ते पोटभर जेवायचे. ते गेल्यावर तिने पाचही ताटं बांधली आणि कुणाला बोलायचं नाही, असा शब्द लेकीकडून घेतला. ताटं निघाली की ही गोष्टही निघेल, म्हणून आत्या फोनवर अडून बसली होती.

"म्हणून बाहेरच्यांपुढे नको," आई म्हणाली. "घरच्यांपुढे मांडायला हरकत नव्हती."

"नव्हती."

"मग सांगायचंत, वन्सं!"

"तू कधी विचारलंस? नुसती मोजत बसायचीस."

आई आधी रागावली आणि मग तिला हसू आलं.

रविवारी ताटं मांडली, नावं वरच्या बाजूला. कटाची आमटी स्टीलच्या वाट्यांत, कारण ती आंबट. पाचवं ताट आत्याने स्वतः उचलून दादापुढे ठेवलं.

"आज तुझ्या हाताने जेव."

दादाने डाव्या हाताने पोळीचा तुकडा मोडला, दुधात बुडवला आणि निम्मा मांडीवर सांडला. दुसऱ्या घासाला तूप कोपरापर्यंत गेलं. "आत्या, आता नाही जमत," तो म्हणाला आणि उजव्या हाताने जेवू लागला. आत्याच्या ताटातली पोळी बराच वेळ तशीच होती.

ताटं परत माळ्यावर गेली नाहीत. आईने ती मांडणीत स्टीलच्या ताटांशेजारी लावली आणि किल्ली कुठल्याशा डब्यात टाकली. दादा लग्नानंतर पुण्याला गेला. पाचवं ताट वडिलांकडे आलं. ते रोज त्यात जेवू लागले, उजव्या हाताने.

आठ-नऊ वर्षांनी, निवृत्त झाल्यावर, एका दुपारी त्यांनी जेवणाआधी पोलादी पट्टी मागितली. ताटाच्या उजव्या बाजूला उभी धरली, खिडकीकडे तोंड करून खालून पाहिलं. मग डावीकडे पाहिलं. मी विचारलं, काही दिसतं का?

"डावीकडे बाबांचं आहे तसं आहे," ते म्हणाले. "माझं अजून काहीच नाही."

त्यांनी पट्टी बाजूला ठेवली, नाव वर येईल असं ताट फिरवलं आणि आईकडे भाकरी मागितली.