मुलांच्या वॉर्डातली भैरवी

नाशिकला मी राहिलो ते गोदावरीच्या ओढीनं नव्हे. आमची नाटक मंडळी तिथं मोडली म्हणून राहिलो. बोलपट आले होते. आमच्याकडे नायिकेचं काम करणाऱ्या बुवांच्या गालावरच्या सुरकुत्या ज्या प्रेक्षकांनी इतकी वर्षं चालवून घेतल्या, त्यांना एकाएकी पडद्यावरची खरीखुरी बाई आवडू लागली. मालकांनी पडदे विकले, नटमंडळी वाट फुटेल तिकडे गेली आणि माझ्या वाट्याला एक हातपेटी आली. रविवार कारंज्याजवळ खोली घेऊन मी चार घरच्या मुलींना पेटी शिकवू लागलो. मुली शिकत होत्या लग्न जमावं म्हणून, मी शिकवत होतो पोट भरावं म्हणून. सुरांचं दोन्ही बाजूंना फारसं अगत्य नव्हतं.

स्वभावानं मी पहिल्यापासून तापट. त्यात हातची कला अशी वाया चाललेली, म्हणजे आगीत तेलच. अशा वेळी एक डॉक्टर माझ्या खोलीचा जिना चढून आले. आमच्या नाटकांचे जुने शौकीन. गावाबाहेरच्या एका दवाखान्यात त्यांच्याकडे मुलांचा वॉर्ड होता. मुलं आठ-आठ, दहा-दहा आठवडे पडून असतात, भिंतीकडे बघत राहतात, त्यांच्यासाठी आठवड्यातून दोनदा येऊन पेटी वाजवाल का, असं त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, "डॉक्टर, गाणं ही चमच्यानं पाजायची गोष्ट नव्हे."

"मग वाटीनं पाजा," ते म्हणाले, आणि चहा न घेताच जिना उतरले. त्यांना माहीत होतं मी येणार. नाटकवाल्याला समोर माणसं बसलेली दिसली नाहीत की तो वाळत जातो, हे त्यांनी ओळखलं होतं.

वॉर्डात दहा खाटा होत्या. फिनेलचा वास, उंच खिडक्या, आणि एक वयस्क नर्सबाई, जिचा शब्द डॉक्टरसुद्धा मोडत नसत. पहिल्या दिवशी मी घोळवून घोळवून एक चीज वाजवली. मुलांनी माझ्याकडे नव्हे, पेटीच्या भात्याकडे पाहिलं. हा डबा श्वास कसा घेतो, एवढंच त्यांचं कुतूहल. माझा पारा चढला. पण मग भाता उघडून दाखवला, प्रत्येकाचं बोट एकेका पट्टीवर ठेवून सूर काढून दिला, आणि मुलं हसली. हसण्याची सवय मोडलेल्या मुलांचं हसू आधी अवघडलेलं असतं, मग एकदम मोकळं होतं. ते ऐकलं आणि मी त्या वॉर्डाचा झालो. सोमवार आणि गुरुवार, दुपारी चारला, टांगा नाही मिळाला तर पेटी डोक्यावर घेऊन चालत.

वाजवायचो काहीही. लग्नातला बँड, वासुदेवाची चाल, मोटेवरची गाणी. पण शेवट मात्र ठरलेला. मैफल भैरवीनं संपवायची हे मी ज्यांच्या हाताखाली शिकलो त्यांनी माझ्या हाडात भिनवलं होतं. भैरवी झाली की पेटीचं झाकण लावायचं. त्यानंतर कुणी "आणखी एक" म्हटलं आणि मी वाजवलं, तर गुरूंनी ते झाकण माझ्याच बोटांवर आदळलं असतं. तेव्हा दवाखाना असो की दरबार, मी भैरवी घेणारच. मुलांनाही सांगून ठेवलं होतं, "ही वाजली की संपलं. मग कुणी हट्ट करायचा नाही, गप पडून राहायचं."

भाद्रपदात सायखेड्याहून एक मुलगी आली. नऊ-दहा वर्षांची, पिंजाऱ्याची लेक. मांडीच्या हाडात पू झाला होता. बाप कापूस पिंजण्याचं काम सोडून खाटेशेजारी जमिनीवर बसून असायचा. पहिल्याच दिवशी तिनं मला पकडलं. पेटीतला एक सूर किंचित उतरला होता. मला ठाऊक होतं, पण दुरुस्तीचा कंटाळा केला होता. मी त्या पट्टीवर आलो की ही नाक मुरडायची.

बाप ओशाळून म्हणाला, "माफ करा मास्तर. पिंजणाची तात ढिली झाली का मला कळायच्या आधी हिला कळतं. आवाजावरून सांगते, अब्बा, ताणा."

दुसऱ्या दिवशी मी पेटी उघडून तो सूर नीट केला. खोटं कशाला बोलू, त्या वॉर्डात मी वाजवत होतो सगळ्यांसाठी, पण लक्ष असायचं त्या पोरीच्या नाकाकडे. इतका जाणता श्रोता मला मंडळीतही फार वेळा मिळाला नव्हता.

महिन्याभरानं एका सोमवारी मी भैरवीला हात घातला, दोनच सूर झाले असतील, तोच ती म्हणाली, "मास्तर, ते नका वाजवू."

"का गं?"

"नका वाजवू. वंगाळ हाय ते."

भैरवीला वंगाळ! मी चिडलो. एवढीशी पोर आणि मला शिकवते. मुद्दाम सावकाश, पूर्ण आळवून वाजवली. ती कानावर हात ठेवून भिंतीकडे वळली. मी झाकण लावलं आणि तिच्याकडे न बघता निघून आलो. त्या दिवशीचा माझा तो ताठा आठवला की अजून स्वतःची लाज वाटते.

गुरुवारी गेलो तर नर्सबाई दारातच उभ्या होत्या. "सोमवारपासून पोरीनं अन्नाला तोंड लावलं नाही. दूध दिलं तरी ओठ मिटून घेते. पुढच्या बुधवारी ऑपरेशन ठरलंय." डॉक्टर मागून आले. ते नेहमीसारखे हसले नाहीत. म्हणाले, "हाड उघडून साफ केलं नाही तर विष अंगभर पसरेल. पण नाडी ही अशी सुतासारखी. हिला क्लोरोफॉर्म कसा देऊ? खाल्लं तर वाचेल, मास्तर. बाकी माझ्या हातात काही नाही."

बाप खाटेशी बसून लेकीच्या पायाच्या बोटांवरून हात फिरवत होता. मी त्याच्या शेजारी जमिनीवर बसलो. पेटी उघडली नाही. मग विचारलं, "माझ्यावर रागावलीस का?"

ती भिंतीकडेच तोंड करून बोलली. "तुमी ते वाजिवलं का एक खाट रिकामी हुती. भाजलेला हुता तो. मंग ती तापाची लहानी. मंग त्या दाराजवळचा. बाई म्हनत्या घरी गेला. घरी जातानी कोन चप्पल ठिवून जातं का?"

मी दाराजवळच्या खाटेखाली पाहिलं. लहान मुलाच्या चपला तिथं खरंच होत्या.

मी आठवू लागलो. तीन पोरं गेली होती हे मला माहीत होतं, पण कोणत्या दिवसानंतर, हे मी कधी जुळवलं नव्हतं. तिनं जुळवलं होतं. बरी होऊन खरोखर घरी गेलेली मुलंही होती, पण वॉर्डात दोघांसाठी शब्द एकच होता: घरी गेला. मुलांनी घाबरू नये म्हणून नर्सबाईंनीच तशी रीत घातली होती, आणि दोन्ही प्रकारची मुलं पहाटे, बाकीची झोपेत असतानाच बाहेर जात.

"अगं, भैरवी हा नुसता एक राग आहे," मी म्हटलं.

"तुमीच म्हनले ना? हे वाजलं का संपलं."

ज्या रिवाजाचा मला एवढा अभिमान, त्यानं दहा खाटांवरच्या लेकरांना दर सोमवार-गुरुवारी मरणाची घंटा ऐकवली होती. मी म्हटलं, "शपथ घेतो. पुन्हा इथं भैरवी वाजणार नाही." तिनं मान हलवली नाही. मोठ्या माणसांच्या शपथांचा तिला पुरता अनुभव असावा.

मग केवळ हात मोकळे राहवेनात म्हणून मी एक साधी नाचरी चाल वाजवू लागलो. अंतऱ्यातून वळून मुखड्यावर येत होतो, एवढ्यात जखमा धुण्याचं सामान घेऊन नर्सबाई आल्या आणि मला उठवलं. ओळ अर्ध्यावर तुटली. आम्हा वाजवणाऱ्यांना समेवर न येता हात उचलणं म्हणजे शिंक येता येता अडकण्यासारखं. मी चडफडत भाता दाबला, आणि खाटेवरून आवाज आला, "पुढं?"

ती वळली होती. चार दिवसांत पहिल्यांदा.

"पुढचं दूध प्यायलीस की."

"मंग तुमी संपवून जाल."

"नाही संपवणार. अर्धी वाजवीन. उरलेली उद्या."

"उद्या तुमचा वार नाय."

"नसू दे. रोज येईन."

तिनं हिशोब केला. संपलंच नाही तर कुणी जाणार कसं? ते तिच्या तोंडावर दिसत होतं, आणि दिसत असूनही मी गप्प राहिलो. बापानं वाटी पुढं केली. ती अर्धी प्यायली. उरलेली उद्या, म्हणाली. पोरगी खट होती.

त्यानंतर मी रोज गेलो. मुलींच्या शिकवण्या बुडाल्या, एका घरून बोलावणं कायमचं बंद झालं. रोज एक चाल अर्ध्यावर सोडायची, दुसऱ्या दिवशी तिथून उचलून पुढची अर्ध्यावर आणायची. माझ्या बोटांना ती शिक्षा होती. पण वाटी आधी पाऊण झाली, मग भरून, मग सोबत मऊ भात. मंगळवारी डॉक्टरांनी नाडी धरली आणि नुसती मान डोलावली.

बुधवारी सकाळी ऑपरेशनच्या आधी मी पोचलो. समोरच्या रांगेतली एक खाट रिकामी होती. गादी गुंडाळलेली. तिथं घटसर्पाचा एक मुलगा होता.

ती उशीला टेकून बसली होती. मला पाहून म्हणाली, "तुमी तर ते वाजिवलं नव्हतं."

"नाही."

"अर्धंच ठिवलं हुतं."

"हो."

"मंग ते पेटीमुळं नाय."

"नाही गं. पेटीमुळं कधीच नव्हतं."

"मास्तर, तो घरी गेला का?"

नर्सबाई पाठीमागे उभ्या होत्या. त्यांची नजर माझ्या मानेवर मला जाणवत होती. काय सांगायचं ते त्यांच्या रिवाजात ठरलेलं होतं. आणि तासाभरात या पोरीला टेबलावर घ्यायचं होतं. मला फार भीती वाटली. पण जिला अर्ध्या सुराचा खोटेपणा कळतो तिला मी काय फसवणार?

"नाही," मी म्हटलं. "तो वारला. डॉक्टरांनी खूप केलं. त्याचा घसाच बंद झाला."

तिनं त्या खाटेकडे पाहिलं. "माझा घसा चांगला हाय," असं स्वतःशीच म्हणाली. मग दुधाच्या वाटीसाठी बापाकडे हात केला, आणि ऑपरेशनच्या आधी काही मिळणार नाही हे कळल्यावर रुसली. पोरीला वॉर्डाबाहेर नेल्यावर नर्सबाईंनी माझ्यावर आग पाखडली. पण बोलता बोलताच पदरानं डोळे पुसत होत्या. एवढी वर्षं ते खोटं त्या एकट्या वाहत होत्या, हे तोवर माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

ऑपरेशन दीड तास चाललं. बाप आणि मी व्हरांड्यात बसून होतो. त्यानं नमाज पढला, मी नुसता गुडघ्यावर बोटं वाजवत राहिलो. डॉक्टर बाहेर आले ते घामानं निथळत, आणि म्हणाले, "पाय राहिला. पोरही राहिली." बापानं माझा हात धरला तो किती वेळ सोडलाच नाही. मी त्या माणसाचं नावही नीट विचारलं नव्हतं.

पौषात ती घरी निघाली. रीतीप्रमाणे पहाटेच टांगा आणायचा बापाचा विचार होता. ती म्हणाली, नाही, सगळे जागे असताना जाईन. नर्सबाईंनीच तिची काठी आणून दिली. उन्हं खिडकीतून आत आल्यावर ती काठी टेकत खाटेखाली उतरली, पायात चपला घातल्या आणि लंगडत एकेका खाटेपाशी गेली. "मी घरी चालले. हा बघा पाय. खाली अब्बा टांगा घिऊन उभे हायत." प्रत्येकाला पाय दाखवला, प्रत्येकानं हात लावून पाहिला.

शेवटच्या खाटेवर दिंडोरीकडचा एक सहा वर्षांचा मुलगा होता. त्यानं पाय पाहिला, कानटोपी घातलेलं डोकं वर केलं आणि विचारलं, "माझ्या शेजारचा तो घशाचा बी घरी गेला ना? मंग तो मला भेटाया का नाय आला?"

मी नर्सबाईंकडे पाहिलं, त्या माझ्याकडे पाहत होत्या.

ती काठी सावरून त्याच्या खाटेवर टेकली. "तो नाय रे गेला घरी. तो मेला. मी खरी चालले."

पोरानं तिच्या तोंडाकडे पाहिलं, मग पुन्हा तिच्या पायाकडे, खूप वेळ. तिच्या ओढणीचं टोक त्यानं मुठीत धरून ठेवलं होतं. मग त्यानं आपणहून मूठ उघडली.

"मंग तू जा," तो म्हणाला.