राजकुंवरबाईंची हरकत

कोंडाईखेड्याच्या पेठेत राजकुंवरबाईंचं भांड्यांचं दुकान आहे. लग्न होऊन राजस्थानातून त्या इथे आल्या तेव्हा त्यांना ना मराठी येत होती ना अहिराणी. दोन्ही बोली त्या गिऱ्हाइकांकडून शिकल्या, आणि अहिराणी जरा आधी शिकल्या. नवरा रतिलाल मोठा शांत माणूस. तराजू तो धरायचा, कारभार बाई बघायच्या. पातेल्याची घासाघीस करायला आलेली बाई जाताना त्यांच्याकडे मुलीच्या स्थळाचीही चौकशी करून जायची.

पण थोरले दीर मांगीलाल समोर आले की याच बाई पदर नाकापर्यंत ओढून गप्प व्हायच्या. घरची रीतच तशी होती. जेठजींशी, म्हणजे थोरल्या दिरांशी, सून थेट बोलत नाही. काही सांगायचंच झालं तर नवऱ्याकडे बघून म्हणायचं, "त्यांना सांगा, चहा झालाय." जेठजी तिथेच, हाताच्या अंतरावर बसलेले असायचे.

दुकानासमोर बाजाराचं मैदान. दर मंगळवारी डोंगराकडच्या पाड्यांवरून बायाबापड्या जीपने, एसटीने उतरायच्या. नागली, भगर, रानभाज्या, गावठी कोंबड्या, सुकी मासळी. झुंबरबाई त्यांतलीच. ती राजकुंवरबाईंच्या दुकानाच्या सावलीला बसायची, त्यांच्या माठातलं घोटभरच पाणी प्यायची. तरुणपणापासूनची दोघींची सोबत. बाई तिला अक्का म्हणायच्या.

गावात नगरपंचायत आली आणि विकास आराखडा तयार झाला. प्रारूप नकाशा कचेरीच्या भिंतीवर लागला. त्यात बाजाराच्या मैदानावर व्यापारी संकुल आणि पार्किंग दाखवलं होतं, आणि आठवडे बाजार लांब, बायपासच्या पलीकडे, माळावर. मांगीलालचं पेठेत किराण्याचं मोठं दुकान, आणि व्यापारी संघाचे ते अध्यक्ष. पेठेतला चिखल जाईल, सडलेली पानं जातील, गाव शहरासारखं दिसेल, म्हणून ते खूश होते. संघाने पाठिंब्याचा ठरावही करून टाकला.

झुंबरबाईला हे एसटीत कळलं. टोपलं खाली ठेवायच्या आधीच ती म्हणाली, "माय, आम्हले बायपासले धाडी राह्यनात. डोकावर टोपलं लिसन तठलोंग कोन चालई?"

राजकुंवरबाई त्याच दुपारी कचेरीत गेल्या. नकाशा बघितला, कारकुनाला विचारलं. हरकत घ्यायला महिनाभराची मुदत असते आणि ती कुणालाही घेता येते, एवढं त्यांना समजलं. संध्याकाळी त्यांनी स्वतःची हरकत लिहून दिली. सगळ्या गावात ती पहिली.

पेठेत बातमी पसरायला वेळ लागला नाही. अध्यक्षांच्या घरातलीच सून अध्यक्षांच्या विरोधात! मांगीलालनी भावाला बोलावून झापलं. रतिलाल घरी येऊन जेवायला बसला आणि एवढंच म्हणाला, "रविवारी संघाची बैठक आहे. जे बोलायचं ते तिथे येऊन बोल. मी किती दिवस निरोप पोचवू?"

रविवारी बाई बैठकीला गेल्या. तिथे एकही बाई नव्हती. त्या दाराशी उभ्या राहिल्या. पदर डोक्यावरच होता, पण चेहरा उघडा. आणि त्या थेट बोलल्या, "जेठजी, एक मंगळवार बाजार तिकडे भरवून बघा. पेठ खरंच सुधारली तर मी हरकत मागे घेईन."

मांगीलालनी बाईंकडे न बघता भावाला म्हटलं, "हिला सांग, हे बायकांचं काम नाही."

रतिलाल उठून उभा राहिला. "भाईसा, ती समोर आहे. तुम्हीच सांगा."

मांगीलालना ते काही जमलं नाही. पण बाईंची अट सगळ्यांना सोपी वाटली. हसत हसत कबूल झाली. नगरपंचायतीलाही हवंच होतं, पुढच्या मंगळवारची दवंडी फिरली.

झुंबरबाई मात्र भडकली. "तूच आम्हले काढी टाकं ना?"

"एकच बाजार, अक्का. मन्हावर भरोसा ठेव," बाई म्हणाल्या. झुंबरबाईने तोंड फिरवलं. त्या दिवशी तिने माठातलं पाणीही घेतलं नाही, आणि ते बाईंना फार लागलं.

मंगळवारी राजकुंवरबाईंनी दुकान बंद ठेवलं. स्टँडवर जाऊन झुंबरबाईचं एक टोपलं आपल्या कमरेवर घेतलं आणि तिच्याबरोबर बायपासपर्यंत चालत गेल्या. माळावर सावली नव्हती, पाण्याचा थेंब नव्हता. मोटारसायकलवाले आले, भाव विचारून गेले. गावातल्या म्हाताऱ्या कुणी आल्याच नाहीत. निम्म्या विक्रेत्या बाया तर स्टँडवरूनच परत गेल्या होत्या.

पण खरी गंमत पेठेत चालली होती. माल विकून पाड्यांवरची माणसं तेल, मीठ, गूळ मांगीलालकडूनच भरायची. कापडवाल्याकडून लुगडं, राजकुंवरबाईंकडून तवा. त्या दिवशी कुणी फिरकलंच नाही. कापडवाल्याने एकच ताका उलगडला आणि परत गुंडाळला. चहावाल्याचं दूध उरलं. मांगीलाल दुपारी दुकानातून बाहेर आले, रिकाम्या मैदानाकडे बघत उभे राहिले आणि आत गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते भांड्यांच्या दुकानात आले. रतिलाल दुकानातच होता, तरी त्यांनी विचारलं ते बाईंनाच. "हरकत कशी लिहायची असते?"

बाईंचा हात सवयीने पदराकडे गेला. पण त्या म्हणाल्या, "बसा. सांगते."

मग हरकतींची रीघ लागली. मुदत संपेपर्यंत अख्खी पेठ कचेरीत जाऊन आली. पाड्यांवरूनही माणसं आली, सह्या झाल्या, अंगठे झाले.

सुनावणीला धुळ्याहून साहेब आले होते. नियोजन समिती टेबलामागे, आणि हॉल माणसांनी गच्च. मांगीलालचं नाव पुकारलं गेलं. ते उठले आणि म्हणाले, "संघाचा पहिला ठराव चुकीचा होता. संघाच्या वतीने आमच्या सूनबाई बोलतील."

राजकुंवरबाई पुढे गेल्या. साहेबांनी विचारलं, "संकुल झालं तर तुमच्या दुकानाला फायदाच आहे ना?"

"साहेब, बाजार उठला तर त्या संकुलात यायचं कोणी? संकुल गावातल्या त्या बंद पडलेल्या जुन्या गोदामाच्या जागेवर बांधा. आणि बाजार नुसता ठेवू नका, नीट करा. ओटे बांधा, वर पत्रे घाला, पाणी द्या. बायांसाठी संडास बांधा. या बाया सकाळपासून संध्याकाळपर्यंत पोटभर पाणी पीत नाहीत. का, ते तुमच्या घरी विचारा."

मागून झुंबरबाई उठली. तिला कुणी पुकारलं नव्हतं. "साहेब, आम्हीन येतस तव्हय तुम्हना गाव मोठा दिसस!"

आधी हशा पिकला, मग टाळ्या. साहेबांनाही हसू आवरलं नाही. त्यांनी पेन उचललं आणि राजकुंवरबाईंना म्हणाले, "ओट्यांचं परत सांगा. सावकाश."

अंतिम आराखडा आला तेव्हा मैदान आठवडे बाजारासाठी राखीव होतं. कचेरीतून पेठेपर्यंत ढोल वाजत आला. संकुल गोदामाच्या जागेवर गेलं. ओट्यांना आणि पाण्याला वर्ष गेलं, पत्र्यांसाठी बाईंना कितीतरी खेपा घालाव्या लागल्या. दोनदा त्यांच्याबरोबर मांगीलालही गेले.

स्वच्छतागृहाचं उद्घाटन मंगळवारीच ठेवलं. फीत कापायला सगळ्यांनी राजकुंवरबाईंना पुढे केलं. त्यांनी झुंबरबाईला ओढलं. झुंबरबाईला कात्री काही धड धरता येईना. तिने ती बाजूला ठेवली, टोपल्यातला भाजी कापायचा विळा काढला आणि एका झटक्यात फीत तोडली. बाया ओरडल्या, कोंबड्या फडफडल्या.

"चल माय," ती राजकुंवरबाईंना म्हणाली, "आते पोटभर पानी पिऊत."