शहाण्णव तारा

शैलजा किरकिरेचा रजेचा अर्ज तिसऱ्यांदा परत आला, तेव्हा तिनं तो साहेबांच्या टेबलावर आपटला नाही, हे तिचं मोठेपण. दुसरी कुणी असती तर आपटला असता, आणि बरंच केलं असतं.

“शैलजा जी, आप चली जाएँगी तो हम क्या करेंगे?” आलोक साहेब म्हणाले. वर हसले. जसं काही कौतुकच करून राहिले होते!

जायचं होतं नागपूरला. लेक चिन्मयीला सातवा महिना लागलेला आणि डॉक्टरांनी बजावलेलं, पलंगावरून उठायचं नाही. सासू हयात नाही. जावई सुमेध सकाळी आठला कामावर जातो तो दिवेलागणीनंतर उगवतो. पहिलं बाळंतपण. पोरीला प्रवास करून माहेरी आणता येत नाही म्हटल्यावर आईनंच तिकडे जायला हवं की नको? पण जबलपूरच्या नेपियर टाउनमधल्या दूरसंचार कचेरीत ही साधी गोष्ट कुणाच्या टाळक्यात शिरत नव्हती.

कारण असं, की त्या कचेरीत दोन तऱ्हेची यंत्रं. एक राउटर, म्हणजे इंटरनेटवरचा मजकूर कुठल्या वाटेनं धाडायचा ते ठरवणारे. दुसरी फायबरची, तो मजकूर उजेडात बदलून सदर, ओमती या वस्त्यांपासून पार कटनी गावापर्यंत पोचवणारी. दोन्हींच्या मध्ये शहाण्णव तारा. यांना त्यांची ओळख नाही, त्यांना यांची नाही. कुठली तार कुठून निघून कुठं घुसते, हे ठाऊक एकट्या शैलजाला. तिची वही होती, नाही असं नाही. पण ती मराठीत, आणि तीही टोपणनावांनी भरलेली: ‘सदरची थोरली’, ‘ओमतीची नकटी’, ‘कटनीची रुसकी’. हिंदी कचेरीत ती वाचणार कोण, कपाळ? लाइन बसली की फोन शैलजाला. मग ती आंघोळीला असो की कुणाच्या लग्नाच्या पंगतीत. तेरा वर्षांत बाई सलग चार दिवस गावाबाहेर गेली नव्हती.

आणि अशात पुण्याहून प्रणोती आली. पंचविशीची इंजिनीअर, लॅपटॉपात नवं सॉफ्टवेअर घेऊन.

“काकू, राउटर दर अर्ध्या मिनिटाला आपलं नाव आणि नंबर तारेत पुकारतो,” ती म्हणाली. “फायबरचं यंत्र ते जाता जाता ऐकतं आणि आम्हाला सांगतं. जोडणी आपोआप सापडते. वही नको, माणूस नको.”

माणूस नको! दुसऱ्या कुणाला नोकरीची धास्ती वाटली असती. शैलजाला वाटलं, या पोरीची दृष्ट काढावी. तिनं त्याच दुपारी चिन्मयीला फोन केला. “आता येऊनच राहिले मी. बॅग भरायला घेते.”

प्रणोतीनं सॉफ्टवेअर चालवलं. शहाण्णवपैकी सापडल्या नऊ.

“असं काहून?” शैलजानं विचारलं. उत्तर तिला येत होतं.

“राउटर पुकारतच नाहीयेत हो. कुणीतरी एकेकाचं पुकारणं मुद्दाम बंद करून ठेवलंय.”

कुणीतरी म्हणजे कोण, तर हीच! तेरा वर्षांपूर्वी नवरा गेला आणि दुसऱ्याच महिन्यात बदल्यांच्या यादीत हिचं नाव लागलं, गाव रीवा. तेव्हा बाईनं चार दिवस बसून एकेका राउटरचं तोंड बंद केलं आणि मराठी वही सुरू केली. त्यानंतर यादी दरवर्षी यायची आणि हिचं नाव दरवर्षी वगळलं जायचं, हिच्यावाचून चालायचंच नाही म्हणून. सापडलेल्या नऊ तारा तेवढ्या नंतर भोपाळच्या लोकांनी बसवलेल्या राउटरांच्या.

आता गप्प बसावं, तर प्रणोती दोन दिवसांत हात झटकून परत जाणार आणि रजा पुन्हा त्याच गाळात. बोलावं, तर अब्रू जाते. शैलजा चहाचा कप हातात धरून नुसती बसली. चहाला साय धरली. मग तिनं प्रणोतीला कोपऱ्यात नेलं आणि सगळं ओकून टाकलं.

पोर भली. रागावली नाही. साहेबांची परवानगी काढून दुसऱ्या दिवशी दोघींनी मिळून राउटरांची तोंडं उघडली. पडद्यावर आकडा चढत गेला, नऊ, एकतीस, सत्तर. जेवणाच्या सुट्टीपर्यंत शहाण्णवच्या शहाण्णव! शैलजा स्वतः जाऊन खव्याची जिलबी घेऊन आली, सगळ्या कचेरीत वाटली. इतकी हसली नव्हती ती कित्येक वर्षांत.

“कमाल है,” आलोक साहेब जिलबी खात म्हणाले. “वैसे, ये बंद किया किसने था?”

प्रणोतीनं मान खाली घातली. शैलजाला खोटं बोलता आलं असतं. पण आनंदात माणसाची जीभ सैल सुटते. “मैंने, सर,” ती म्हणाली. “अब तो सब चालू है ना.”

घात झाला. शुक्रवारी कागद हातात पडला. खातेनिहाय चौकशी होईल, आणि ती संपेपर्यंत परवानगीशिवाय जबलपूर सोडता येणार नाही.

“पण साहेब, आता तर इथं माझी गरजच नाही ना?” तिनं हिंदी सोडून सरळ मराठीतच विचारलं.

ते त्यांना बरोबर समजलं. “ज़रूरत की बात नहीं है, शैलजा जी. जाँच की है. दो महीने तो मान के चलिए.”

दोन महिन्यांत तर बाळ जन्मलेलं असणार होतं.

संध्याकाळी तिनं फोन लावला आणि लेकीपासून काही लपवलं नाही. अर्ज, राउटर, कागद, सगळं सांगितलं.

“पण आई, तू काहून बंद केलं होतं ते?”

“तुझ्यासाठी गं. बाबा नुकते गेलेले, तू आठवीत. त्यात ही शाळा, या मैत्रिणी तोडून तुला रीवाला कुठं फरफटत नेऊ?”

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला.

“मला तेव्हा तिथून निघायचंच होतं, आई. त्या घरात बाबा दिसायचे मला सगळीकडे. मला चाललं असतं रीवा. तू विचारलंच नाहीस.”